मध्यंतरानंतरची म्हैस

मारेगावात शुक्रवारी नवा सिनेमा लागला की त्याचा निकाल शुक्रवारी सकाळीच लागत असे, म्हणजे पहिला खेळ सुरू व्हायच्या दोन तास आधी. हा निकाल बबनराव लावत. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेली, मुक्कामाच्या प्रत्येक गावात सिनेमा पाहिलेला, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना सिनेमा पाहण्याची गरज उरली नव्हती. पोस्टर पुरे. पानठेल्यासमोरच्या पोस्टरापुढे ते हात मागे बांधून उभे राहत, डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघतो तसं बघत, आणि मग मोबाईल काढून मित्रमंडळाच्या ग्रुपवर एका ओळीत निकाल टाकत. "पडेल." "मध्यंतरापर्यंत बरा." एकदा तर नुसतंच "अरेरे." त्या अरेरेचा सिनेमा तिसऱ्या दिवशी उतरला होता, आणि तेव्हापासून बबनरावांच्या शब्दाला तालुक्यात वजन होतं.

त्या शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं नाव होतं 'म्हशीचा वाढदिवस'. पोस्टरवर हिरो नाही, हिरोईन नाही, गॉगल नाही, बंदूक नाही. एक म्हैस, तिच्या डोक्यावर कागदाची टोपी आणि शेजारी आरतीचं ताट घेतलेली एक म्हातारी. बबनरावांना एक्स-रे उजेडात धरायचीही गरज पडली नाही. त्यांनी लिहिलं, "म्हैस पाहायची तर गोठ्यात जा. पडेल." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा असा काही पाऊस पडला की बबनराव दिवसभर दर पंधरा मिनिटांनी मोबाईल बघत होते.

"मले पाहाव वाटते जी थो सिनेमा," त्यांच्या पत्नी इंदूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

"कायले? त्यात काहीच नाही."

"तुमी पाह्यला?"

"पाहाचं काय त्याच्यात? पोस्टर पाह्यलं ना." बबनराव म्हणाले आणि विषय संपला. त्या घरात सिनेमाचे विषय असेच संपत.

सोमवारी बबनराव बँकेत गेले. नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनवाल्यांचा जिवंत असण्याचा महिना. बाकीचे अकरा महिने माणूस जिवंत आहे की नाही याची कोणी चौकशी करत नाही. नोव्हेंबरात मात्र स्वतः जाऊन, यंत्रावर अंगठा ठेवून ते सिद्ध करावं लागतं. बबनरावांचा अंगठा यंत्र घेईना. अंगठ्यावरच्या रेघा त्यांनी तिकिटं फाडून फाडून एसटीला वाहिल्या होत्या. मागच्या रांगेतल्यांनी सल्ले दिले. एकानं अंगठा केसांवर घासायला सांगितलं, दुसऱ्यानं खोबरेल तेल सुचवलं, तिसरा म्हणाला, "उजवा नाही घेत तं डावा ठेवा, यंत्राले काय समजते." एवढ्यात लिंकच गेली. काउंटरवरची मॅडम म्हणाली, "काका, दोन वाजता या. डोळ्यांच्या मशीनवर करू. पण नक्की या, आज शेवटचा दिवस आहे."

साडेबारा वाजले होते. बँकेच्या शेजारीच टॉकीज. टॉकीजच्या गेटवर मॅनेजर धावजी रस्त्याकडे आशेनं बघत उभा होता.

"बबनभाऊ! देव आले," धावजी म्हणाला. "नऊ माणसं झाले. एक कमी आहे. दहा झाल्याबिगर पडदा लावत नाही मालक. बसा ना आतमधी, उपकार होतील."

बबनरावांच्या डोळ्यांपुढे ग्रुप उभा राहिला. पण पंखा होता, खुर्ची होती, आणि दीड तास कुठे तरी काढायचाच होता. त्यांनी गळ्यातला पांढरा दुपट्टा डोक्यावरून नाकापर्यंत गुंडाळला आणि 'उपकार म्हणून' हे शब्द धावजीकडून पुन्हा एकदा वदवून घेऊन ते आत शिरले. डोळे मिटून पडायचं, हा बेत पक्का होता.

बेत सात मिनिटं टिकला. सिनेमातल्या म्हातारीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. तिच्या कागदपत्रांवर एक जून होती, जशी शाळामास्तरांनी अर्ध्या गावाला दिली होती. पण आपली म्हैस चंद्री कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी जन्मली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती चंद्रीचा वाढदिवस करायची आणि त्यातच आपलाही उरकून घ्यायची. बबनरावांनी दुपट्टा नाकाखाली घेतला. त्यांच्याही कागदावर एक जूनच होती. पुढे म्हातारीचा मुलगा तिला न सांगता चंद्री विकून टाकतो. म्हातारी पायी निघते. गावोगाव विचारत शेवटी गुरांच्या बाजारात पोचते. समोर शंभर म्हशी, सगळ्या काळ्या, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. म्हातारी उभी राहते, श्वास घेते आणि हाक मारते, "चंद्रे!"

मध्यंतर.

दिवे लागले तेव्हा बबनराव खुर्चीच्या टोकावर होते आणि त्यांचे गाल ओले होते. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते. बसावं तर पेन्शनच्या लेखी मेलेलं राहावं लागणार, जावं तर शंभरातली कोणती म्हैस मान वळवते ते कळणार नाही. अखेर बबनराव जिवंत असल्याचा पुरावा द्यायला उठले. माणसाला जिवंतपणाची एवढी मोठी किंमत मोजावी लागू नये.

बँकेत डोळ्यांचं यंत्रही त्यांना घेईना.

"काका, डोळे फार लाल आहेत," मॅडम म्हणाली. मग आवाज खाली आणून, "घरी सगळं बरं आहे ना?"

बबनराव गहिवरलेलेच होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एक म्हैस हरवली."

मॅडमनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, शिपायाला सांगून पंख्याखाली बसवलं. तासाभरानं डोळे निवळले, यंत्रानं त्यांना ओळखलं आणि बबनराव सरकारदरबारी आणखी एका वर्षासाठी जिवंत झाले. ते धावतच टॉकीजवर गेले तेव्हा धावजी शटर ओढत होता.

"शेवटी काय होते रे? सापडते काय म्हैस?"

"मले काय ठाऊक भाऊ? मी बाहीर बसतो. बारा वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाह्यला नाही मी."

"अन् आतमधले?"

"सात जण एसटीची वाट पाहत बसले होते, गेले आपल्या गावाले. दोघं मागच्या कोपऱ्यातले, रोज येते थे. त्यायले विचारून फायदा नाही, त्यायनं पडद्याकडं पाह्यलंच नसन."

त्या रात्री बबनराव अर्ध्या पोळीवर उठले. मोबाईलवर शोधून पाहिलं. सिनेमाची जाहिरात होती, गाणं होतं, शेवट कोणीच लिहिला नव्हता. मारेगावात विचारावं तर पाहिलाय कोणी? साऱ्या गावाला तर त्यांनीच घरी बसवलं होतं. इतका परिणामकारक निकाल आपण द्यायला नको होता, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"काय जी," अंधारात इंदूबाईंनी विचारलं, "झोप नाही येऊन राह्यली?"

"विकलेली म्हैस जुन्या मालकिणीच्या हाकेवर मान वळवते काय?"

इंदूबाई उठून बसल्या. "कोनाची म्हैस?"

"कोनाची नाही. झोप."

सिनेमा गुरुवारपर्यंतच होता. मंगळवारी बबनराव दुपट्टा बांधून गेले तर एकूण चार माणसं. बुधवारी सहा. "उरलेली तिकिटं मी काढतो, लाव पडदा," बबनराव म्हणाले.

"तिकिटं नाही चालत भाऊ, डोके लागते," धावजीनं छताकडे बोट दाखवलं. तिथे कॅमेरा होता, गेटवरही एक. "मालक नागपूरले बसून मोजते. मागच्या वर्षी मी खुर्चीवर दोन पोते ठेवले होते. पकडल्या गेलो."

बबनराव परत फिरले. तीन प्रवाशांसाठी गाडी सोडता येत नाही, हे वाक्य त्यांनी स्वतः किती स्टँडांवर किती ठसक्यात ऐकवलं होतं! ते ऐकताना समोरच्याला कसं वाटतं, हे समजायला अठ्ठावीस वर्षं आणि एक म्हैस लागली.

इकडे बँकेतली बातमी बँकेत राहिली नव्हती. मॅडमनं शिपायाला सांगितलं, शिपायानं पानठेल्यावर, आणि बुधवार संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळलं की बबनरावांची म्हैस हरवली आणि माणूस रडून रडून अर्धा झाला. बबनरावांकडे म्हैस नव्हती, ही अडचण कोणाला जाणवली नाही. हरवली म्हणजे असणारच. गुपचूप घेतली असेल.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या दारात तीन म्हशी उभ्या होत्या. म्हशींसोबत बंजारा तांड्यावरचा त्यांचा जुना मित्र भीमसिंग, त्याची बायको गंगी, भीमसिंगचा चुलतभाऊ खेमसिंग आणि खेमसिंगचे दोन भागीदार. खेमसिंगचा धंदाच गुरांच्या सौद्याचा.

"बबनभाऊ, आपल्याले सांगाचं तं खरं," भीमसिंग दुखावल्या आवाजात म्हणाला. "बँकेच्या शिपायाकडून कळते मले? पाह्य, याच्यात तुही म्हैस हाय काय. नसन तं यातलीच एक घे. दुःख कमी होते."

"रडू नका भाऊ," गंगी म्हणाली. "जनावराचा जीव लागते. आमची गेली तं मी दोन दिवस भाकर नाही खाल्ली."

इंदूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. "मले न विचारता म्हैस घेतली तुमी? ठेवली कोठी? अन् हरवली कशी?"

सगळं सांगून टाकावं, असं बबनरावांना क्षणभर वाटलं. पण सांगायचं तर काय, की मी ज्या सिनेमाला गोठा म्हटलं तो चोरून पाहिला आणि रडलो? तेवढ्यात त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला आणि नकळत डोकी मोजू लागला. भीमसिंग, गंगी, खेमसिंग, दोन भागीदार. पाच. आपण आणि इंदू, सात.

"असं करू," बबनराव घसा खाकरून म्हणाले, "इथं उन्हात सौदा नको. टॉकीजमधी बसू. पंखा आहे. म्हैस पारखाले मनुष्य थंड डोक्याचा पाहिजे."

आता हे वाक्य कोणालाही पटण्यासारखं नव्हतं. पण शोकात असलेल्या माणसाशी वाद घालू नये, म्हणून सगळे निघाले. मारेगावच्या मुख्य रस्त्यावरून पुढे बबनराव, मागे तांड्याची मंडळी, त्यामागे तीन म्हशी आणि सगळ्यांत मागे इंदूबाई. म्हशी टॉकीजच्या गेटला, बरोबर पोस्टरखाली बांधल्या गेल्या.

मागच्या कोपऱ्यातलं जोडपं आलेलं होतं. नऊ. धावजीनं फोन कानाला लावला, ऐकला आणि तोंडावर हात ठेवून म्हणाला, "मालक विचारून राह्यले, गेटवर काय बांधलं म्हून. म्हशी मोजत नाही म्हंते. बारा चाळीसपर्यंत दहावं डोकं दाखव, नाहीतर बंद कर. उद्या दुसरा लागते."

बारा तेहतीस झाले होते. बबनराव रस्त्यावर जाऊन उभे राहिले. एक सायकलवाला विचारल्यावर म्हणाला, "थो? थो तं भिकार आहे ना? बबनरावनं टाकलंय ग्रुपवर." दुपट्ट्याआड बबनरावांनी ओठ चावला. दुसरा म्हणाला, "पडेल सिनेमा आहे काका, तुमीबी नका जाऊ."

बारा पस्तीस. एकच वाट उरली होती आणि ती खिशात होती. बबनरावांनी मोबाईल काढला. डोक्यात पहिल्यांदा आला तो मजकूर होता, 'माझ्या पूर्वीच्या संदेशाचा विपर्यास झाला आहे.' त्यांनी तो लिहिला आणि खोडला. मागे वळून पाहिलं. इंदूबाई पोस्टरापुढे एकट्याच उभ्या होत्या आणि कागदी टोपी घातलेल्या त्या म्हशीकडे बघून हसत होत्या. किती वर्षांनी त्या टॉकीजच्या आत पाऊल टाकणार होत्या! बबनरावांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि लिहिलं:

"सर्वांना कळविण्यात येते की 'म्हशीचा वाढदिवस' या चित्रपटाचा निकाल मी चित्रपट न पाहता दिला होता. चुकलो. चित्रपट चांगला आहे. मी अर्धा पाहिला आहे. उरलेला पाहण्यासाठी एक माणूस कमी पडत आहे. लवकर यावे. बबनराव, टॉकीजचे गेट."

पहिलं उत्तर आलं, "भाऊ, मोबाईल कोनी चोरला काय?" दुसरं, "तब्येत बरी हाय ना?" तिसरं, "थांबा. येतो. पाहाचं आहे." आणि मग लोक आले. बाजारपेठेतून आले, पंचायत समितीतून आले, केसाला अर्धा रंग लावलेला एक जण सलूनमधून उठून आला. सिनेमा बघायला कोणीच आलं नव्हतं. बबनराव 'चुकलो' म्हणतात तेव्हा कसे दिसतात, हे बघायला आले होते. त्यांनी बबनरावांना डोळे भरून पाहिलं, पोस्टरखालच्या म्हशी पाहिल्या, आणि आता आलोच आहोत तर म्हणून तिकिटं काढली. बारा चाळीसला आत एकेचाळीस डोकी होती. बबनराव कान लाल करून इंदूबाईंच्या शेजारी बसले.

पूर्वार्ध नीट गेला. मध्यंतरात कोणी बाहेर गेलं नाही. आणि मग तो क्षण आला: शंभर म्हशी, म्हातारी, "चंद्रे!" बबनरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

एकही मान वळली नाही.

चंद्री त्या बाजारात नव्हतीच. म्हातारी पुन्हा चालू लागली आणि पार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावी तिला ती दिसली, एका घराच्या अंगणात. म्हैस पडद्यावर आली आणि खेमसिंग ताडकन उभा राहिला.

"हे थे म्हैस नाही! शिंगं पाहा! पहिली मुऱ्हा होती, गोल शिंगाची. हे नागपुरी हाय, तलवारीसारखी शिंगं. फसवून राह्यले आपल्याले!"

दोन्ही भागीदारांनी दुजोरा दिला. टॉकीजमध्ये कुजबुज उठली. कोणीतरी मागून ओरडलं, "बबनभाऊ, हेच काय चांगलं?" बबनराव उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी सिनेमे पाडले होते, आज एक सावरायचा होता.

"खाली बस खेमसिंग! चार महिने झाले तिले घर सोडून. दुःखानं मनुष्य बदलते, तं शिंगं नाही बदलणार?"

"शिंगं नाही बदलत भाऊ!"

"बसा ना जी दोघंबी," इंदूबाई म्हणाल्या, त्याही अशा सुरात की खेमसिंगसुद्धा बसला. "दिसून नाही राह्यलं मले."

पडद्यावर अंगणातली लहान मुलगी म्हशीला हिरवा चारा भरवत होती. म्हैस धुतलेली, तुकतुकीत. म्हातारी कुंपणाआड उभी राहून बघत राहिली. चंद्रीनं मान वळवली, तिला पाहिलं आणि हंबरली. म्हातारी आत गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या मुलीला एवढंच म्हणाली, "पोरी, हिचा वाढदिवस माघी पौर्णिमेला. विसरू नकोस." आणि परत निघाली.

मग "याडी ये!" अशी आपल्या बोलीत आईला हाक घालून गंगीनं हुंदका दिला आणि बांध फुटल्यासारखं झालं. भीमसिंग दुपट्ट्यानं नाक पुसत होता. केसांना अर्धा रंग लावलेल्या माणसाच्या गालांवरून काळे ओघळ उतरत होते. कोपऱ्यातलं जोडपं पहिल्यांदाच पडद्याकडे बघत होतं. खेमसिंग पुढे वाकला आणि बबनरावांच्या खांद्यावर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. शिंगाचं काही नाही." बबनराव तर केव्हापासूनच रडत होते, उघड्या तोंडानं, सगळ्यांदेखत, आणि त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

दाराशी धावजीही ओल्या डोळ्यांनी उभा होता. लोक एवढे झाले म्हणून त्यानं आज पहिल्यांदा आत येऊन सिनेमा पाहिला होता. भीमसिंगला आता सगळा उलगडा झाला होता. "म्हंजे म्हैस हरवलीच नाही!" तो म्हणाला, रागवावं की हसावं ते त्याला ठरवता येईना, आणि तिन्ही म्हशींना घेऊन ती मंडळी तांड्याकडे गेली.

घरी जाताना इंदूबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "थो एक नर्सचा सिनेमा आलता, आठोते? तुमी म्हटलं होतं, दवाखाना पाहाले पैसे कायले."

"हो."

"अन् दोन बहिणींचा. अन् थो आंधळ्या पोस्टमनचा. सगळे पोस्टरवरूनच पाडले होते काय जी?"

बबनराव थांबले. खोटं बोलता आलं असतं. "सगळे," ते म्हणाले.

इंदूबाईंनी मान हलवली. रागानं नाही, नुसती हिशेब लागल्यासारखी. "मंग त्यातले किती चांगले असन, कोनाले ठाऊक," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. बबनरावांना वाटलं, त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मागून त्यांच्या पाठीकडे बघत चालताना त्यांना फार वाईट वाटलं, आणि एवढं वाईट वाटूनही ती दुपार त्यांना कित्येक वर्षांतली सगळ्यात चांगली दुपार वाटत होती.

दुसऱ्या दिवशी नवं पोस्टर लागलं. दोन हिरो, दोघांनाही गॉगल, मागे जळणारं हेलिकॉप्टर आणि कोपऱ्यात एक वाघ. असलं भिकार पोस्टर बबनरावांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ग्रुप सकाळपासून वाट बघत होता. बबनरावांनी मोबाईल घरी ठेवला आणि इंदूबाईंना घेऊन पहिल्या खेळाला जाऊन बसले.

सिनेमा पोस्टरापेक्षाही भिकार निघाला. तिसऱ्याच मिनिटाला बबनरावांना शेवट कळला होता. वाघ तर उघड उघड रबराचा होता. ते बोलणार, एवढ्यात त्यांचं लक्ष शेजारी गेलं. इंदूबाई पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता त्यांनी बबनरावांचा हात धरला होता.

"चांगला हाय ना जी?" त्यांनी अंधारात विचारलं.

"लय चांगला हाय," बबनराव म्हणाले, आणि वाघ पुन्हा केव्हा येतो याची वाट बघत बसले.